विसावी तक्रार

मार्चची एकतीस तारीख होती आणि राजानंद सकाळपासून खुर्चीत नीट टेकला नव्हता. जालन्याच्या मानवी हक्क साहाय्य कक्षाचा सगळा कारभार त्याच्यावर होता. वर्षाच्या आराखड्यात त्यानंच मोठ्या उमेदीनं लिहिलं होतं, ‘तक्रारी पंचवीसवरून एकोणीसवर आणणे.’ नोंदवहीत बरोबर एकोणीस झाल्या होत्या. पाच वाजता अहवाल पाठवला की सुटका.

सव्वातीनला टेंभुर्णीच्या केशरबाई दारात उभ्या राहिल्या.

“साहेब, तक्रार लिहायची. रेशनच्या मशीनवर माझा अंगठा उमटंना. दोन महिने झाले, दुकानदार धान्यच देऊन न्हाई राह्यला.”

राजानंदनं नोंदवही बाजूला सारली. “मावशी, उद्या या ना. पहिली तारीख, चांगला दिवस.”

“अन् आज काय खाऊ? चांगला दिवस?”

राजानंद दारापर्यंत गेला, परत आला, घड्याळ पाहिलं. नोंद टाळायची तर कामच करून टाकायचं, एवढा एकच रस्ता उरला होता. पुरवठा खात्यातल्या भुजंगला, आपल्या वर्गमित्राला, त्यानं फोन लावला. भुजंग बैठकीत. पुन्हा लावला. पाचव्यांदा भुजंगनं उचलला.

“अरे, कष्टानं अंगठा झिजला म्हणून माणूस उपाशी ठेवता का तुम्ही? वहीवर सही घ्या अन् धान्य द्या. जल्दी!”

एवढ्या तावातावानं तो वर्षभरात कोणासाठी भांडला नव्हता. साडेचारला केशरबाईंच्या सुनेचा फोन आला, गहू-तांदूळ घरी पोचले. केशरबाई हात जोडून निघाल्या.

तेवढ्यात विभागीय कार्यालयातून सत्यशीला मॅडम फोनवर आल्या. “राजानंद, तक्रारी कमी म्हणजे लोक सुखी, असं कोणी सांगितलं? लोकांना आपलं कार्यालयच माहीत नसेल! निकष बदललाय. किमान वीस पाहिजेत.”

राजानंद अनवाणीच रस्त्यावर धावला. केशरबाई रिक्षात चढत होत्या. त्यानं त्यांची पिशवी धरली.

“मावशी, तक्रार लिहायची ना?”

“कशाची? काम झालं न.”

“मागच्या दोन महिन्यांची तरी!”

“दिलं न त्यानं आता. कशाला उगी त्याच्या पोटावर पाय?”

“मंग रस्त्याची लिहा! पाण्याची लिहा!”

चारदोन माणसं जमली. केशरबाई भडकल्या. “सोडा पिशवी! बाईमाणसाला भर रस्त्यात अडवून राह्यले, तक्रार कर म्हणून! ही जबरदस्ती कुठं लिहून घेतात?”

“इथंच!” राजानंदचा चेहरा उजळला. “बिलकुल लिहू. आत या.”

पाचला पाच मिनिटं कमी असताना विसावी तक्रार नोंदली गेली. ‘कोणाविरुद्ध’ या रकान्यात त्यानं वळणदार अक्षरात स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. तोवर केशरबाईंचा राग ओसरला होता.

“साहेब, तुम्हाला काही व्हनार तर न्हाई?”

“चौकशी होईल, मावशी.”

“कोन करन?”

राजानंदनं पेनाला टोपण लावलं. “मीच. दुसरं कोण आहे इथं?”

केशरबाईंनी त्याला खालीवर न्याहाळलं.

“मंग बराबर करा,” त्या म्हणाल्या. “सोडू नका.”