ओट्याची उंची आणि एकोणतीस विषय

रविवारी सकाळी साडेनऊपर्यंत यज्ञेश्वरराव खळदकरांना घरातल्यांनी सतरा प्रश्न विचारले होते. अठराव्याला ते भडकले.

"अहो, भाजी कोबीची करू की दुधीची?" एवढंच हेमाताईंनी स्वयंपाकघरातून विचारलं होतं.

"आता दुधीसुद्धा मीच ठरवायचा का?" पेपर आपटत यज्ञेश्वरराव ओरडले. "माणसानं रिटायर होऊन रविवारचा पेपरसुद्धा वाचायचा नाही!"

(खरं सांगायचं तर हो, त्यांनीच ठरवायचा. या घरात विचारल्याशिवाय पंखा दोनवरून तीनवर जात नसे, आणि हा नियम यज्ञेश्वररावांनी लग्नानंतर तिसऱ्या दिवशी स्वतःच घालून दिला होता. एकदा हेमाताईंनी न विचारता पडदे बदलले, तर ते महिनाभर 'अनधिकृत पडदे' म्हणून ओळखले जात होते.)

गंमत अशी की याच माणसानं सरकारी नोकरीत चौतीस वर्षं गावोगावच्या सरपंचांना विकेंद्रीकरण शिकवलं होतं. "गावच्या नळाचा निर्णय दिल्लीनं का घ्यावा? सत्ता खाली झिरपली पाहिजे!" असं म्हणून ते टेबलावर मूठ आपटत. ग्रामपंचायतींकडे सोपवायचे ते एकोणतीस विषय त्यांना झोपेत पाठ. कोथरूडच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये मात्र दुधीची फाइलसुद्धा दिल्लीलाच जायची.

"बाबा, मग द्या ना अधिकार खाली," कादंबरी लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाली. ही त्यांची मुलगी, आयटीत नोकरीला. "अख्ख्या जिल्ह्याला शिकवलंत. आपल्याच घराचं तेवढं पेंडिंग आहे."

झालं! तिला वाटलं टोमणा मारला, यज्ञेश्वररावांना वाटली योजना. दुपारचं जेवण व्हायच्या आत त्यांनी फुलस्केपवर घराचे बरोबर एकोणतीस विषय काढले आणि त्यांच्या तीन याद्या केल्या. केंद्र म्हणजे ते स्वतः. राज्य म्हणजे हेमाताई. कादंबरी आणि धुणंभांडी करायला येणाऱ्या गोदाबाई या दोघी मिळून स्थानिक स्वराज्य संस्था. स्वयंपाक राज्याकडे, पाणी गोदाबाईंकडे, वीज आणि वायफाय कादंबरीकडे. यादी फ्रिजवर लागली, शेजारी आवक-जावक वही दोरीनं टांगली गेली.

हेमाताईंनी यादी वरपासून खालपर्यंत वाचली. त्या एकच गोष्ट शोधत होत्या.

"अहो, ओटा कुणाकडे?"

"बांधकाम केंद्राकडे," यज्ञेश्वरराव म्हणाले. "महत्त्वाचे विषय असे एकदम सोडता येत नसतात."

एकोणीस वर्षांपूर्वी फ्लॅट घेतला तेव्हा स्वयंपाकाच्या ओट्याची उंची यज्ञेश्वररावांनी स्वतः मिस्त्र्यासमोर उभं राहून, कोपर टेकवून ठरवली होती. ते जवळजवळ सहा फूट. हेमाताई चार फूट दहा इंच. पोळ्या लाटता लाटता त्यांचा उजवा खांदा असा धरला होता की हल्ली वेणीसुद्धा कादंबरी घालून द्यायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं, खांदा वाचवायचा असेल तर आधी ओटा खाली घ्या. ओट्याचा विषय एकोणीस वर्षं "बघू" या शेऱ्यावर अडकला होता.

पहिले दोन दिवस कारभार झकास चालला. हेमाताईंनी सलग दोन दिवस दुधी केला (यज्ञेश्वररावांना दुधी आवडत नाही हे सर्वज्ञात होतं). कादंबरीनं टीव्हीच्या बातम्यांवर अर्ध्या तासाची मर्यादा घातली. यज्ञेश्वररावांनी दोन्ही निर्णय घशाखाली उतरवले. लोकशाही म्हटलं की थोडं पोटात घ्यावंच लागतं.

बुधवारी ओट्याखाली पाणी झिरपायला लागलं.

हेमाताईंनी वहीत नोंद केली. यज्ञेश्वररावांनी खाली लाल शाईनं लिहिलं, 'स्थानिक संस्थेचा अभिप्राय घ्यावा.' गोदाबाईंनी वाकून बघितलं आणि तोंडी अभिप्राय दिला, "पाणी माझं हाय, पर पाइप वट्याच्या आत हाय. वटा सायबांचा. म्या त्याला हात न्हाय लावनार." गुरुवारी केंद्रानं शेरा मारला, 'राज्यानं सविस्तर प्रस्ताव तीन प्रतींत सादर करावा.' हेमाताईंनी शुक्रवारी प्रस्ताव दिला. चौथी ओळ होती, 'ओटा फोडावाच लागणार, तर नवा सहा इंच खाली घ्यावा.' यज्ञेश्वररावांनी तेवढ्या ओळीभोवती गोल काढला आणि बाजूला लिहिलं, 'बघू.'

"अहो, साधा प्लंबर बोलवायचा तर एवढं कशाला?" हेमाताई म्हणाल्या.

"कार्यपद्धती!" यज्ञेश्वरराव म्हणाले. "नाहीतर अनागोंदी माजेल."

शनिवारी सकाळी आठ वाजता यज्ञेश्वरराव शॉवरखाली होते. डोक्याला शांपू, अंगाला साबण, तोंडात गाणं, आणि एकदम पाणी बंद. त्यांनी नळ इकडे फिरवला, तिकडे फिरवला. एक थेंब नाही. बादली रिकामी (बादली भरून ठेवणं हा पाण्याचा अपव्यय, हा आदेश कुणाचा ते विचारू नका).

"अगं, पाणी गेलं!"

"गेलं न्हाय सायेब, म्या बंद केलं," बाहेरून गोदाबाईंचा शांत आवाज आला. "वट्याखालचा पाइप फुटलाय. मेन कॉक बंद केला."

"माझ्या डोळ्यांत शांपू आहे! आधी चालू करा!"

"चालू केलं तर सैपाकघरात पूर येतो. न्हाय केलं तर तुमच्या डोळ्यांत शांपू. एकट्या बाईनं कसा निर्णय घ्यायचा? सभा लावावी लागंल."

"सभा? कसली सभा?"

"अवो, पाच वर्सं मेंबर व्हते मी ग्रामपंचायतीत, मुळशीकडं. पान्याची भांडनं सभेतच मिटवायची आसत्यात."

शांपूनं डोळे चुरचुरत असतानाही यज्ञेश्वररावांचा नळ फिरवणारा हात थांबला. आठ वर्षं ही बाई या घरात येत होती. तिला त्यांनी पंचायत राज या विषयावर दोनदा तरी व्याख्यान ऐकवलं होतं, आणि ती बिचारी भांडी घासता घासता "हूं, हूं" करत राहिली होती. त्यांना स्वतःचीच लाज वाटली. (अर्थात लाज वाटायला माणूस निदान कोरडा तरी असावा.)

"कादंबरी, तू तरी तांब्याभर पाणी दे!"

"बाबा, माझ्याकडे फक्त वीज आणि वायफाय. हवं तर हेअर ड्रायर देते."

शेवटी दारावर टकटक झाली. हेमाताईंनी फटीतून पिण्याच्या पाण्याचा तांब्या आत सरकवला. "डोळे धुवा आधी," त्या म्हणाल्या. "वहीत नंतर लिहू."

डोळे धुऊन, टॉवेल गुंडाळून, डोक्यावर शांपूचा तुरा घेऊन यज्ञेश्वरराव तरातरा बाहेर आले. कुणाला तरी चांगलं फैलावर घ्यायचं त्यांनी ठरवलं होतं. तसेच ते थेट स्वयंपाकघरात शिरले. शिरले म्हणजे काय, एकोणीस वर्षांत ते उंबरठ्याच्या आत फारसे गेलेच नव्हते. प्रश्न हॉलमध्ये यायचे आणि चहाही.

आत घोट्याएवढं पाणी होतं. त्या पाण्यावर कांद्याची सालं तरंगत होती, आणि सालांमधून एक लाकडी पाट डुलत डुलत त्यांच्या पायाशी येऊन थांबला.

"हा पाट इथे कशाला?"

"मी त्याच्यावर उभी राहते," हेमाताई म्हणाल्या.

"कधीपासून?"

"ओटा झाला त्या दिवसापासून. हा तिसरा. पहिले दोन झिजून गेले."

यज्ञेश्वररावांनी वाकून पाट उचलला. मधोमध दोन पावलांच्या जागी लाकूड गुळगुळीत होऊन दबलं होतं. त्यांनी हेमाताईंकडे पाहिलं. पदर खोचून, पाण्यात उभ्या, पाटाशिवाय. ओटा पार त्यांच्या छातीपर्यंत आला होता. चौतीस वर्षं आपण गावोगाव सांगत फिरलो की ज्याला झळ बसते त्यालाच ठरवू द्या. आणि इथे?

"पाटावरून कधी पडलीस का गं?"

"दोनदा. तुम्ही पेपर वाचत होता."

मग गोदाबाईंनी खराटा भिंतीला टेकवला आणि घसा खाकरला.

"समदे हजर हायती. सभा चालू करते. वटा सहा इंच खाली घ्यायचा. कुनाचा इरोध?"

कादंबरीनं हात वर केला. "अनुमोदन!"

"ते इरोधानंतर आसतं, ताई."

सगळ्यांची नजर यज्ञेश्वररावांकडे वळली. शांपूचा एक ओघळ त्यांच्या कानामागून खाली आला.

"सहा नाही," यज्ञेश्वरराव म्हणाले.

हेमाताईंचा चेहरा पडला.

"सहा का म्हणून?" ते घाईघाईनं म्हणाले. "मी कोण सहा ठरवणार? तू उभी राहा, तुझा खांदा काय म्हणतो ते बघ, आणि तूच ठरव. बांधकाम राज्याकडे दिलं. आणि हेमा... चुकलंच माझं. खरंच चुकलं."

हेमाताईंनी पदरानं डोळे टिपले. "शांपू उडाला वाटतं," त्या म्हणाल्या.

सोमवारी समाधान मिस्त्री आला. तरणाबांड, कानावर पेन्सिल, हातात टेप. घरातला पुरुष बघून तो थेट यज्ञेश्वररावांसमोर उभा राहिला.

"काका, उंची किती धरू?"

यज्ञेश्वररावांचं कोपर आपोआप वर आलं. त्यांनी दुसऱ्या हातानं ते खाली दाबलं. "त्यांना विचारा."

हेमाताई जमिनीवर दोन्ही पाय टेकून उभ्या राहिल्या, लाटण्यासारखा हात फिरवून बघितला, खांदा हलवला, आणि म्हणाल्या, "इथे." समाधाननं पेन्सिलीची रेघ मारली. ती रेघ हेमाताई कितीतरी वेळ नुसत्या बघत राहिल्या. कादंबरीनं हळूच फोटो काढला.

"काका, नळ डावीकडं घेऊ का उजवीकडं?"

"पाणी गोदाबाईंकडे. त्यांना विचारा."

"आन् प्लगपॉइंट?"

"ते कादंबरीला विचारा."

"बरं, मग काम उद्या चालू करू का परवा?"

यज्ञेश्वरराव जरा घुटमळले. "हेमा, उद्या की परवा?" त्यांनी विचारलं.

समाधाननं टेप गुंडाळून खिशात टाकला. त्यानं इकडेतिकडे बघितलं, यज्ञेश्वररावांच्या जवळ सरकला आणि फार सहानुभूतीनं, आवाज खाली आणून म्हणाला, "काका, राग मानू नका हां. तुम्ही इथं घरजावई का?"

यज्ञेश्वरराव उत्तर द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात ओट्याजवळून हेमाताईंचा आवाज आला.

"छे हो! एवढ्यात कुठलं? सध्या प्रोबेशनवर आहेत."