शिट्टीचा पत्ता

आवाज कधीही आपोआप होत नाही. आवाज येतोय म्हणजे कुठेतरी काहीतरी थरथरतंय, आणि ते शोधून काढता येतं! भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून एवढं तर मी नक्कीच शिकले आहे. म्हणून आप्पा जेव्हा म्हणाले, "वैष्णवे, घरातबी कसली तरी शिट्टी वाजतीय गं," तेव्हा मी छातीठोकपणे म्हटलं, "संध्याकाळपर्यंत शोधून देते!"

आप्पा म्हणजे माझे वडील. शिक्रापूरच्या एका कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर त्यांची उमेदीची वर्षं गेली. कानात घालायला मिळालेले बोळे त्यांनी नीट जपून ठेवलेत. "एकदाबी वापरलं न्हाईत, कोरे हायत," असं अभिमानाने सांगतात. निवृत्त झाल्यावर ते आमच्या गावी, पाबळला, विजेच्या मोटारी दुरुस्त करू लागले. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू मोटारीवर, मूठ कानामागच्या हाडावर, डोळे मिटलेले. "बेअरिंग गेलं," म्हणाले की गेलं! गावाचा डॉक्टरच्या नळीपेक्षा त्या स्क्रूड्रायव्हरवर जास्त विश्वास.

पण हल्ली दर मोटारीचं बेअरिंग जायला लागलं. म्हस्कूमामांच्या पिठाच्या गिरणीची मोटार आप्पांनी उघडली, बेअरिंग बदललं, तरी शिट्टी! पुन्हा उघडली. गिरण बंद, बायका दळणाचे डबे घेऊन दारात ताटकळलेल्या. शेवटी म्हस्कूमामांनी जुनं बेअरिंग बोटावर फिरवून दाखवलं. ते लोण्यासारखं फिरत होतं.

"संपतआप्पा, आता मोटारी सोडा. कान ऱ्हायला न्हाई तुमचा."

आप्पांनी बेअरिंग खिशात टाकलं आणि घरी आले. स्क्रूड्रायव्हर खुंटीला गेला तो तिथेच राहिला.

मला त्यांचा कान खरा ठरवायचा होता. माझा सिद्धांत साधा होता. शिट्टी प्रत्येक मोटारीत आहे, घरातही आहे, म्हणजे दोष विजेच्या पुरवठ्यात! आधी मी घरात शांतता केली. कुरकुरणाऱ्या पंख्याला तेल दिलं, घड्याळाचा सेल काढला, फ्रीज बंद केला.

"आप्पा, आता?"

"हाय की. जास्तीच येतीय."

आई फ्रीजमधलं दूध बाहेर काढत म्हणाली, "आता मलाबी बंद कर, म्हंजी झालं!"

मग मी जालिंदर वायरमनला गाठलं. "दादा, गल्लीच्या डीपीचा फ्यूज जरा काढा. आवाज तपासायचाय."

"डीपीतनं आवाज येतोय?" जालिंदर दचकला. त्याने बायकोला फोन केला, बायकोने शेजारच्या कुशाबाईंना सांगितलं, आणि मी डीपीपाशी पोचेपर्यंत डीपी उडणार असल्याची बातमी गल्लीभर झाली होती! कुशाबाई शेळी घेऊन बाहेर, म्हस्कूमामा पिठाने माखलेले तसेच बाहेर, कुणी तर टीव्ही उचलून आणलेला. सगळे श्वास रोखून डीपीकडे बघत होते. जालिंदरने फ्यूज ओढला. पंखे, गिरण, पंप, सगळं थांबलं. मधोमध आप्पा, डोळे मिटून.

"आप्पा, थांबली?"

त्यांनी मान हलवली. "न्हाई. आता तर लईच मोठी येतीय. तुमाला येत न्हाई व्हय?"

कुणालाच येत नव्हती. शेळीसुद्धा गप्प होती.

शिट्टीचा पत्ता मला सापडला होता. ती माझ्यासमोर डोळे मिटून उभी होती. आप्पांनी डोळे उघडले, एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, आणि त्यांनाही कळलं. म्हस्कूमामांनी तेवढी मान खाली घातली.

शिरूरला कानाच्या डॉक्टरांनी आप्पांना बंद खोलीत बसवलं. आवाज आला की बटण दाबायचं. आप्पांनी बटण सोडलंच नाही! मग डॉक्टरांनी तुटक, टुक-टुक आवाज लावले, तेव्हा कुठे आलेख निघाला. बारीक, उंच आवाजांच्या जागी रेघ खड्ड्यात गेली होती.

"प्रेसच्या आवाजाने आतल्या पेशी गेल्यात, त्या परत येत नाहीत," डॉक्टर म्हणाले. "ही शिट्टी गोळीने जाणार नाही. पण श्रवणयंत्राने ऐकू नीट येईल आणि शिट्टीही बहुतेक मागे पडेल. एक पथ्य पाळा, घर अगदी शांत ठेवू नका. बारीक आवाज चालू असू दे."

आईने सावकाश माझ्याकडे पाहिलं. पंख्याला तेल कुणी दिलं, हे तिने डॉक्टरांना सांगितलं नाही, हे तिचे उपकार.

घरी येऊन घड्याळात सेल घातला. पंखा पुन्हा कुरकुरवायला मात्र मला जमलं नाही.

आप्पांना श्रवणयंत्राची सवय झाल्यावर मी स्क्रूड्रायव्हर खुंटीवरून काढून त्यांच्या हातात दिला. "आधी बंद मोटारीला लावा. जे ऐकू येईल ते तुमचं. मग चालू करा. जादा येईल ते मोटारीचं."

पहिली मोटार म्हस्कूमामांचीच होती. आप्पांनी यंत्र काढून खिशात ठेवलं, मूठ कानामागे टेकवली, बंद मोटार बराच वेळ ऐकली. मग चालू. गिरणीत कुणी हललं नाही.

"मोटार ठणठणीत हाय, म्हस्कू. शिट्टी माझी हाय."

म्हस्कूमामांनी चहा मागवला.

आता आप्पांना पार वरवंडपर्यंतची बोलावणी येतात. आणि परवा शिक्रापूरला मी पाहिलं, एक तरणाताठा फिटर बंद मोटारीला स्क्रूड्रायव्हर लावून, डोळे मिटून, गंभीरपणे ऐकत होता! काय ऐकतोस, विचारलं तर म्हणाला, "संपतआप्पांची पद्धत हाय, ताई. तुमाला न्हाई कळायची!"