दौलतकाकांचा पोटॅश

आमच्या करडी गावात लोक भेटले की 'राम राम' म्हणतात. दौलतकाका म्हणतात, "पोटॅश टाकला का?"

काका आमचे शेजारी. खताच्या दुकानात त्यांचं आयुष्य गेलं, आणि विटेच्या चुऱ्यासारख्या त्या लाल खतावर त्यांचा जीव जडला. "युरियानं धान हिरवा दिसते. पोटॅशनं उभा राहते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एका लग्नात हार घालताना किडकिडीत नवरदेव जरा डुलला, तर काका मागून मोठ्यानं म्हणाले, "याले लहानपणी पोटॅश कमी पडला!" नवरीसुद्धा हसली.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. रसायनशास्त्र घेतलं हे कळल्यावर काकांनी मला अंगणात बसवलं, लोट्यातल्या पाण्यात पोटॅश टाकला आणि म्हणाले, "हात घाल, पोरी." पाणी गार होत गेलं. "पाह्य, कसा चुपचाप विरघळते! साबणाच्या कारखान्यात हाच, काचेत हाच, दवाखान्याच्या बाटलीतबी हाच." मी सेमिनारला तोच विषय घेतला: पोटॅशियम क्लोराइड.

यंदा काकूंच्या किडन्या खराब झाल्या. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, रक्तात पोटॅशियम वाढलं तर हृदय बंद पडू शकतं. केळी बंद, नारळपाणी बंद. बटाटा खायचाच तर त्यातलं पोटॅशियम काढून, तोही थोडाच.

सेमिनारचं विचारायला मी गेले, तेव्हा काका बटाट्याचे पातळ काप कोमट पाण्यात भिजवत होते. ते पाणी त्यांनी फेकलं. नव्या पाण्यात काप उकळले आणि तेही पाणी फेकलं.

"काका, काय करून राहिले?"

"पोटॅश काढून राहिलो." त्यांनी वर पाहिलं नाही.

खाटेवरून काकू म्हणाल्या, "तुझ्या काकानं भाजीचा जीवच काढला, पोरी. चिंधी चावल्यासारखी लागते."

"भाजीचा गेला तर जाऊ दे. तुहा राहिला पायजे."

दुसऱ्या दिवशी पुन्हा रक्त तपासायचं होतं.

काकांनी दोन ताटं वाढली. दोन्हींत तीच फिकी भाजी. मी चाचरत विचारलं, "तुमालेबी डॉक्टरनं सांगतलं का?"

"मले काय झालं? पण थे एकटी कशी खाईल?" त्यांनी घास घेतला, मोठ्या कष्टानं गिळला. "मस्त झाली."

"खोटं बोलून राहिले," काकू हसल्या. आजारानं त्यांची भूकच गेली होती. तरी त्यांनी ताट पुढं केलं. "वाढा थोडीशी आणखी."

काका इतक्या घाईनं उठले की पाण्याचा गिलास लवंडला. त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं.