साखरपाण्यात अर्धा चमचा मीठ

सूनबाईच्या चिपमध्ये बुडबुडे उकळायला लागले, तेव्हा समितीला यायला बरोबर एक तास उरला होता.

चिप म्हणजे बोटाच्या पेराएवढी काच. तिच्यात केसासारख्या बारीक वाटा आणि वाटांच्या तळाशी सोन्याच्या रेघा. साखरपाण्यात मिसळलेलं रक्त त्या वाटांनी सोडायचं आणि रेघांना वीज द्यायची. कर्करोगाच्या पेशी विजेच्या ओढीनं रेघांना चिकटतात, बाकीचं रक्त मुकाट्यानं पुढे निघून जातं. निदान गेले चार महिने तरी जात होतं. आज रुग्णालयाच्या समितीनं हे डोळ्यांनी पाहिलं, तर यंत्र कर्करोगाच्या वॉर्डात चाचणीला जाणार होतं. नाही पाहिलं, तर कपाटात.

"मामा, वीज कमी करा."

"अजून किती कमी करू? आधण ठेवल्यासारखं दिसतंय हे."

प्रयोगशाळेतली यंत्रं सांभाळणाऱ्या या गृहस्थांना सगळे व्होल्टमामा म्हणत. मामांनी वायर बदलली, चिप बदलली, वीज देणारं यंत्रही बदललं. "आता बदलण्यासारखा मीच उरलोय," ते म्हणाले.

शेवटी सूनबाईनं पाण्यातून वीज किती वाहते ते मोजणारी कांडी साखरपाण्यात बुडवली. आकडा शून्याजवळ रेंगाळायला हवा होता. तो असा उडाला की मामांनी चष्मा काढून पुसला.

"यात मीठ आहे, बाई."

"मीठ कुठून येईल? बाटली तर माझ्या घरी..." आणि ती थांबली.

प्रयोगशाळेचा फ्रीज परवा बंद पडला होता. शुद्ध साखरेचा डबा संपला होता, नवा सोमवारी यायचा होता. म्हणून उरलेली एकुलती एक बाटली तिनं घरच्या फ्रीजमध्ये, दुधाच्या पातेल्याशेजारी ठेवली होती. वर ठळक अक्षरात लिहिलंही होतं, 'साखरपाणी'.

तिनं घरी सासूबाईंना फोन लावला.

"आई, फ्रीजमधल्या माझ्या बाटलीला कुणी हात लावला का?"

"लावला म्हणजे? अगं, सकाळपासून तुझ्या नवऱ्याचं पोट बिघडलंय. फ्रीज उघडला तर तू आधीच साखरपाणी करून ठेवलेलं. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! फक्त मीठ तेवढं विसरली होतीस. ते मी घातलं, अर्धा चमचा. पेलाभर त्याला दिलं, तेवढ्यात बाकीचं तू उचलून घेऊन गेलीस. मला वाटलं, भांडण झालंय तुमचं."

लग्नाला अकरा वर्षं झाली होती. सासूबाई पस्तीस वर्षं नर्स होत्या आणि सुनेची ओळख 'आमची सुई न टोचणारी डॉक्टर' अशी करून देत. आज त्यांनी पहिल्यांदा तिचं कौतुक केलं होतं, तेही तिनं न केलेल्या कामाचं.

"आई, त्या पाण्यात मीठ चालत नाही. वीज पेशींना ओढायची सोडून मिठातूनच धावत सुटते. पाणी तापतं. आता समितीला दाखवायला माझ्याकडे काही नाही."

सासूबाईंनी वेगळंच विचारलं.

"यंत्र कुठल्या वॉर्डात जाणार म्हणालीस?"

"कर्करोगाच्या."

सासूबाईंची शेवटची नऊ वर्षं त्याच वॉर्डात गेली होती. "आलेच मी," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

इकडे मामा डोकं खाजवत होते. "बाई, साखर ती साखरच ना? कॅन्टीनमधली नाही का चालणार?"

सूनबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. मामा निघालेच. पाच मिनिटांत ते कॅन्टीनचा अख्खा डबा घेऊन परतले, आतल्या तीन मुंग्यांसकट. तिनं साखर तोलली, शुद्ध केलेल्या पाण्यात विरघळवली, बारीक गाळणीतून गाळली. मुंग्या वर राहिल्या. कांडीचा आकडा शून्यापाशी येऊन निमूट बसला. मामांनी चष्मा पुन्हा पुसला.

समिती मात्र पंधरा मिनिटं आधीच उगवली. मामांनी तिला कॅन्टीनमध्ये नेऊन बसवलं आणि चहा सांगितला.

सासूबाई धापा टाकत आल्या, तेव्हा सूनबाई चिपच्या तोंडाशी अडकलेल्या एका बुडबुड्याशी झुंजत होती. मघाच्या उकळ्यांमधला तो शेवटचा, आणि सगळ्यात हट्टी.

"सरक बघू," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी हात धुतले, चिपला जोडलेली नळी तिरपी धरली आणि नखानं दोन टिचक्या मारल्या. बुडबुडा डुलत डुलत वर गेला आणि दिसेनासा झाला. "सलाईनच्या नळ्यांना जन्मभर हेच केलंय. त्याला ढकलायचं नसतं गं. वर जायला वाट द्यायची."

मग समिती आली. पडद्यावर रक्ताच्या पेशींची गर्दी वाहत होती आणि तिच्यात मुद्दाम मिसळलेल्या कर्करोगाच्या पेशी हिरव्या चमकत होत्या. सूनबाईनं बटण दाबलं. एक हिरवा ठिपका रेघेशी थबकला. मग दुसरा. मग रांगच लागली. दोनशे सोडल्या होत्या, एकशे ब्याण्णव धरल्या गेल्या. मामांनी या वेळी चष्मा पुसला नाही, डोळे पुसले.

सासूबाई पडद्याच्या अगदी जवळ गेल्या. "म्हणजे नुसत्या रक्तातून कळेल? दर वेळी गाठीचा तुकडा काढायला नको?"

"दर वेळी तरी नको. जमलं तर."

"मग नकोच टोचूस तू सुई," सासूबाई हळूच म्हणाल्या.

समितीच्या अध्यक्षांनी घसा साफ केला. "काम उत्तम आहे. पण इतकं शुद्ध साखरपाणी लहान दवाखान्यांनी आणायचं कुठून?"

सूनबाईनं मामांकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं आणि मिठापासून मुंग्यांपर्यंत सगळं सांगून टाकलं. "आत्ता पाहिलंत ना, ते तुमच्या कॅन्टीनच्या साखरेवर चाललं."

अध्यक्षांनी खिशातून पेन काढलं आणि मंजुरीच्या कागदावर सही केली.

"तरीच," ते म्हणाले, "आमचा चहा फिका होता."

"अगंबाई," सासूबाई पदर खोचत दाराकडे निघाल्या. "थांबा, मी बघते त्या चहाकडे."

"आई," सूनबाईनं हाक मारली, "फक्त साखर हं."