भिंत निळी का झाली

"तुम्ही श्वास घेता, म्हणून भिंतीला ओल येते," घरमालक म्हणाले.

भाडेकरू आजोबांच्या सुनेच्या हातातली कात्री कापडातच थांबली. तळमजल्यावरच्या त्या जुन्या भाड्याच्या घरात उजेडाची खोली एवढी एकच, म्हणून तिचं शिलाई मशीन तिथे होतं. आणि नेमकी त्याच खोलीची भिंत ओली होती. पोपडे मशीनवर गळत होते, कोपऱ्यात काळी बुरशी चढली होती आणि शिवून ठेवलेल्या कपड्यांना कुबट वास लागत होता. त्या आठवड्यात दोन गिऱ्हाइकांनी कपडे नाकाशी नेऊन तसेच परत केले होते. असंच चाललं असतं, तर महिन्याभरात तिचं शिवणकाम बंदच पडलं असतं.

"मग काय, श्वास घ्यायचा नाही?" तिने विचारलं.

"घ्या ना! मी कुठे नको म्हणतो? जरा बेताने घ्या. त्यात तुमचे सासरे शिक्षक होते, बोलतात फार. ती सगळी वाफ जाणार कुठे?"

घरमालकांना गल्लीभर सगळे काका म्हणत. ते काकूंबरोबर वरच्या मजल्यावर राहत आणि तक्रार ऐकायला खाली आले, की तक्रार करणाऱ्याचीच चूक काढून वर जात.

आजोबा खुर्चीतून उठले. छत्तीस वर्षं त्यांनी मुलांना विज्ञान शिकवलं होतं. कुणी त्यांना वेडं म्हटलेलं त्यांनी सोसलं असतं. चुकीचं विज्ञान त्यांना सोसत नसे.

"अहो, वाफ असती तर चारही भिंतींवर बसली असती. ह्या एकाच भिंतीवर का? तीही बरोबर तुमच्या न्हाणीघराखाली?"

"कारण ही भिंत थंड आहे."

"थंड का आहे?"

"ओली आहे म्हणून!" काका विजयी चेहऱ्याने म्हणाले आणि जिना चढून गेले.

तरी पंधरा दिवस घराने काकांचं ऐकलं. खिडक्या सताड उघड्या ठेवल्या, पातेल्यांवर झाकणं ठेवली, धुणं बाहेर वाळत घातलं. ताटाएवढा डाग परातीएवढा झाला. तसं सांगितल्यावर काका म्हणाले, "होणारच! खिडक्या उघड्या ठेवल्यावर दमट हवा आत येणार नाही तर काय होईल?"

"बाबा," सून दात-ओठ खात म्हणाली, "मी हे सगळे पोपडे सुपात भरून त्यांच्या दारात ओतून येते."

"पोपडे नकोत," आजोबा म्हणाले. "प्रयोग करू."

नात चौथीत होती. घरी एखादा प्रयोग करा आणि वहीत लिहा, असं बाईंनी सांगितलंच होतं. आजोबांनी तिला वही उघडायला लावली. उद्देश : ओल कुठून येते ते शोधणे. साहित्य : नीळ एक चमचा, पाणी एक बादली, काकूंचं न्हाणीघर.

"आणि दुसऱ्याच्या घरी काही करायच्या आधी काय करायचं?"

"विचारायचं."

"शाबास."

ती निळीची बाटली आणि वही घेऊन वर गेली. काका बाहेर गेले होते. काकूंनी दार उघडलं.

"काकू, तुमच्या न्हाणीघरात निळीचं पाणी ओतू? शाळेचा प्रयोग आहे."

"ओत की! आणि शाळेचं आहे ना, मग कंजूषपणा करू नकोस गं."

काकूंचा शब्द मोडायचा कसा? चमचाभर निळीच्या जागी अख्खी बाटली गेली. वहीत 'मोठ्यांची सही' अशी जागा होती, तिथे काकूंनी ऐसपैस सही केली आणि वर "माझ्या परवानगीने" असंही लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवर आभाळ उतरलं होतं. वरच्या कोपऱ्यात गडद निळा डाग आणि त्यातून खाली आलेले निळे ओघळ. सून कपडे उचलून पळाली. आजोबा मात्र टाळ्या पिटत होते. त्यांनी जिन्यातूनच काकांना हाक मारली.

काका आले आणि दारातच थबकले. "भिंत निळी का झाली?"

"वा! हाच तर प्रश्न!" आजोबा आनंदाने म्हणाले. "सांगा बघू, का झाली?"

"तुम्ही केलीत!" काका वर धावले आणि करारपत्र घेऊन आले. "कलम सात. भाडेकरूने मालकाच्या लेखी परवानगीशिवाय भिंतीला कोणताही रंग देऊ नये. दिलात! तोही निळा! घर खाली करा!"

"अहो, तुमच्या न्हाणीतलं पाणी आहे ते!" वर्गात कधी आवाज न चढवलेले आजोबा ओरडले.

"माझं पाणी निळं नसतं!"

"काका, लेखी परवानगी आहे," नात म्हणाली आणि तिने वही पुढे केली.

काकांनी सही पाहिली. "ही? हिच्या सहीला काय अर्थ? मालक मी आहे!"

"कोण मालक?"

काकू जिन्यात उभ्या होत्या. त्यांच्या पायांची बोटं अजून निळसर होती. "हे घर माझ्या वडिलांनी माझ्या नावावर केलंय. करारावर सही कुणाची आहे, वाचा जरा. मोठ्याने वाचा."

काकांनी वाचलं, पण मोठ्याने नाही. काकूंनी भिंतीला हात लावला, एका कपड्याचा वास घेतला आणि त्यांचा आवाज चढला. "दोन वर्षं मी ह्यांना सांगतेय, कोपऱ्यातली फरशी हलते, पाणी कुठेतरी मुरतंय. तर म्हणे, तू पाणीच फार ओततेस!"

"आणि आम्ही श्वास फार घेतो," सून म्हणाली.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. काकांनी दाराकडे पाहिलं.

दोन दिवसांत गवंडी आला. फरशी उचलली, तर खालच्या पाइपचा जोड पार उकललेला. तो बदलला, नवी फरशी बसली. भिंत वाळायला महिना लागला. मग ती खरवडून रंगवली. सुनेची गिऱ्हाइकं एकेक करून परत आली. "शेवटी मीच करून घेतलं ना?" असं काका गल्लीत सांगू लागले.

तेवढ्यात प्रयोगवही तपासून आली. बाईंनी लाल शाईत लिहिलं होतं : निरीक्षण उत्तम. परंतु एकाच प्रयोगावरून अनुमान काढू नये. दुरुस्तीनंतर पुन्हा करून पाहावा.

नात नवी बाटली घेऊन जिना चढली. काका हात पसरून दारात उभे राहिले. "खबरदार! खाली नवा रंग दिलाय!"

"काम पक्कं झालंय ना? मग घाबरताय कशाला?" आतून काकू म्हणाल्या. "ये गं तू."

बादली ओतली गेली. काका तरातरा खाली आले आणि भिंतीसमोर स्टूल टाकून बसले. "मी स्वतः लक्ष ठेवणार. तुम्हा लोकांचा भरवसा नाही, हळूच ब्रश फिरवाल."

नातीने त्यांच्या मांडीवर वही आणि पेन्सिल ठेवली.

"दर पंधरा मिनिटांनी निरीक्षण लिहायचं, काका. दिसेल तेवढंच. अनुमान तुम्ही काढायचं नाही."