नानांची अडखळ

आज माझं घर ज्या कामावर चालतं, ते मला बोर्लीच्या नानांनी शिकवलं. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलं नव्हतं. नानांचा संगणकाचा क्लास कधीच बंद पडला. ते मात्र अजून रोज सकाळी पडद्यासमोर बसून, आवाज न काढता, "पापड, बटाटा, मामा" असे ओठ हलवतात.

"लागले नाना," शेजारच्या वहिनी म्हणतात.

नानांचं वेड म्हणजे शेड्यूलर. संगणकात एकाच वेळी चाललेल्या कामांपैकी कुणाची पाळी कधी आणि किती वेळ, हे ठरवणारा भाग. नाना जुन्या संगणकावर मुद्दाम जड कामं लादतात आणि त्या गर्दीत कॅमेऱ्यातलं स्वतःचं चित्र अडखळतं का, ते बघतात. अडखळलं की पाळीची वेळ कमी करायची. पुन्हा पापड.

"सरासरी छान आली, नाना."

"सरासरी तुझ्या साहेबाला दे. सगळ्यात वाईट अडखळ केवढी, ते सांग. आणि लिहून दे. तोंडी निकाल मी घेत न्हाय."

मीही कंपनीसाठी दिवसभर हेच करतो. दमून ओट्यावर टेकावं, तर नाना नवे आकडे घेऊन हजर. एकदा वैतागून म्हणालो, "नवा संगणक घ्या आणि सुटा की!"

नाना खाली बसले. "आणला होता. फरक न्हाय. पालीला माझी ताई ऱ्हाते, तिला ऐकू येत न्हाय, रोज व्हिडिओ कॉलवर माझे ओठ बघून समजते. हल्ली पापड म्हण, बटाटा म्हण, नुसती मान हलवते. कुठंतरी अडकतंय रे. तू तिकडून बघून ये."

पालीला गेलो. ताईंच्या पडद्यावर नाना कुठेच अडखळत नव्हते. ते "पापड" म्हणाले. ताईंनी मान हलवली. "बटाटा", पुन्हा मान. मग मी ताईंच्या डोळ्यांकडे पाहिलं. बुबुळं दुधाळ झाली होती.

पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "नानांना सांगितलं का नाही?"

पाटी नाकाला लावून त्यांनी वाचली. "सांगितलं की त्याचं काम संपलं. मग रोज पडद्यावर कशाला येईल? अंधुक का होईना, येतो न्हाय?"

घरी येऊन नानांना लेखी निकाल पाठवला:

"तीर्थस्वरूप नानांस साष्टांग नमस्कार. चित्र अडखळत नाही. ताईंना मोतीबिंदू आहे. शस्त्रक्रियेला मी सोबत जाईन. शेड्यूलरला आता हात लावू नका. चाचणी मात्र रोज घ्या, ताईंना दिसू लागल्यावरही."