आठशेची बॅटरी

सासूबाईंना यंदा मातृदिनाच्या जेवणाला गाडीऐवजी होडीतून न्यायचं, असं व्हर्लिनने ठरवलं. फक्त एवढंच. पण एवढ्यावरून माणूस किती गोत्यात येऊ शकतो, हे बावीस वर्षांच्या संसारानंतर तरी त्याला कळायला हवं होतं.

जेवण तळ्याच्या पलीकडे, चर्चच्या हिरवळीवर, बरोबर बाराला. गावातली सगळ्यांत वयस्कर आई प्रार्थना म्हणते आणि मगच भांड्यांवरची झाकणं निघतात. यंदा हा मान बोर्गहिल्डबाईंचा, म्हणजे व्हर्लिनच्या सासूचा होता. (आधीच्या मानकरीण अठ्ठ्याण्णवपर्यंत तग धरून होत्या, त्यामुळे बाईंची बरीच वर्षं नुसती त्यांच्या तब्येतीची चौकशी करण्यात गेली होती.) अशा दिवशी त्यांना वेळेवर आणि थाटात पोचवलं, तर ‘जावई अगदीच टाकाऊ नाही’ एवढं तरी त्या म्हणतील, अशी व्हर्लिनला आशा होती.

तळ्यावर पेट्रोलच्या इंजिनाला बंदी. म्हणून त्याने विजेची छोटी मोटर आणली. राहता राहिली बॅटरी. तळं पाच महिने बर्फाखाली होतं, तेवढे पाचही महिने तो बॅटऱ्यांबद्दल वाचत होता आणि जेवताना बोलत होता. शेवटी बायको, मार्लिस, म्हणाली की एखादी घे आणि आम्हाला सोडव.

दुकानातल्या बाई भल्या होत्या. कोणती घ्यायची ते समजावून सांगू का, असं त्यांनी आपणहून विचारलं. आता मिनेसोटात कोणी काही देऊ केलं तर पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदाही नकोच म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा विचारलं की ‘बरं, एवढं म्हणताय तर’ म्हणत घ्यायचं, हे पोराटोरांनाही ठाऊक असतं. व्हर्लिन नको म्हणाला. त्यांनी पुन्हा विचारलं, तो पुन्हा नको म्हणाला. त्या तिसऱ्यांदा विचारणार, तेवढ्यात फोन वाजला आणि त्या आत गेल्या.

आपण होऊन विचारण्याइतका व्हर्लिन निर्लज्ज नव्हता. त्याने फळीवर नजर टाकली. एका बॅटरीवर शंभर लिहिलं होतं, दुसरीवर आठशे. शाळेत त्याचं गणित बरं होतं. त्याने आठशेची उचलली. (आठशे हा गाडीच्या इंजिनाला एकच जोरदार धक्का देण्याचा आकडा आणि शंभर हा तासन्‌तास टिकण्याचा, ही माहिती तिसऱ्या विचारण्यात होती.)

रविवारी सकाळी त्याने एकट्याने तीनदा तालीम केली. बॅटरी वाघासारखी धावली. मग अकराला सासूबाईंना होडीत बसवलं. वल्ही मुद्दाम घरी ठेवली. आठशेची बॅटरी असताना वल्ही नेणं म्हणजे तिचा अपमान.

बरोबर मधोमध आल्यावर मोटरचा आवाज बारीक झाला आणि बंद पडला.

“थांबलास का?” बोर्गहिल्डबाईंनी विचारलं.

“म्हटलं, तुम्हाला तळं नीट बघता यावं, आई.”

“चौऱ्याऐंशी वर्षं बघतेच आहे.”

अर्धा तास दोघांनी तळं बघितलं. पाणी बर्फासारखं गार, त्यामुळे पोहण्याचा प्रश्नच नव्हता. शेवटी शेजारचा लायल आपल्या होडीतून हॉटडिशचं, म्हणजे खिमा-बटाट्याच्या भाजलेल्या पदार्थाचं, भांडं घेऊन येताना दिसला, आणि व्हर्लिनच्या जिवात जीव आला.

“दोर टाकू का?” लायलने विचारलं.

“छे छे, नको.”

लायलने रीतसर एक चक्कर मारली. “खरंच नको?”

“अरे खरंच. जरा वारा खातोय.”

लायलने तिसऱ्यांदा विचारायला श्वास घेतला. व्हर्लिनने नाइलाजाचा चेहरा तयार केला, हातही पुढे केला. तेवढ्यात सासूबाई उठून उभ्या राहिल्या.

“लायल, मला घेऊन चल.”

“आई, त्याने अजून दोनदाच विचारलंय,” व्हर्लिन कुजबुजला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“या वयात तीन-तीनदा नको म्हणायला मला वेळ नाही. बाराला दहा कमी आहेत.”

त्या पलीकडच्या होडीत गेल्यासुद्धा. लायलने व्हर्लिनकडे बघितलं. “तू येतोस?”

“नको नको, तुम्ही व्हा पुढे,” व्हर्लिन म्हणाला. (त्याच्या हिशेबाने मोजणी नव्याने सुरू झाली होती.)

लायल पुन्हा तोंड उघडणार, तर बाई म्हणाल्या, “नाही म्हणाला ना तो? माणसाच्या शब्दाला मान द्यावा. चल.”

गेले दोघं. बाराच्या ठोक्याला पाण्यावरून बाईंची प्रार्थना स्पष्ट ऐकू आली. व्हर्लिनने एकट्यानेच टोपी काढली. मग झाकणं निघाली, आणि वाऱ्याबरोबर वासही आला. सकाळपासून त्याच्या पोटात फक्त कॉफी होती.

इतक्यात, गाडीने आधीच पोचलेल्या मार्लिसची काठावरून हाक आली. “व्हर्लिन, तुझ्यासाठी ताट वाढून ठेवू का?”

“नको नको,” व्हर्लिन पूर्ण ताकदीने ओरडला आणि दुसऱ्या हाकेसाठी कान टवकारून बसला.

“नको म्हणतोय,” मार्लिसने सगळ्यांना सांगितलं, आणि उरलेल्या हॉटडिशसाठी लोक लगेच रांगेत उभे राहिले.